गोजराबाईंना गोरं करायचं नाही

कॅनव्हासला आधी एखादा रंग फासून घ्यायचा की तो आला तसा पांढराफटक ठेवायचा, हा माझा खासगी प्रश्न होता. निदान मी तसं समजत होतो. पण हिंजवडीजवळच्या जांबे गावात भाड्याने राहणाऱ्या माणसाला खासगी असं काही नसतं. इथे तुम्ही कुकर लावलात की वरच्या मजल्यावरून कुणीतरी शिट्ट्या मोजतं आणि जिन्यात गाठून विचारतं, "आज हरभरे का हो?" तरीसुद्धा तैलरंगातल्या पोर्ट्रेटला ग्राउंड, म्हणजे चित्राखालचा पहिला हात, कोणता असावा या विषयावर बत्तीस बिऱ्हाडं, एक रंगारी आणि एक गाय मिळून माझ्या डोक्यावर बसतील, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. गाय म्हणजे खरीखुरी गाय. ती पुढे येईल.

मी किशोर. मूळचा बुलढाण्याकडचा, हल्ली हिंजवडीतल्या एका कंपनीत प्रशासन विभागात. म्हणजे बाकीचे लोक संगणकावर जगाचं भलं करत असतात आणि त्यांच्या खुर्चीचं चाक निघालं की ते बसवून घेण्याची जबाबदारी माझी. बावीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही खोटं कारण सांगून रजा घेतलेली नाही. हे वाक्य मी लोकांना फार वेळा ऐकवतो असं माझी बायको गौतमी म्हणते. म्हणू दे.

तर बावन्नाव्या वर्षी मी पुण्यात रविवारचा तैलरंगाचा क्लास लावला. तिथले निषाद सर माझ्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात, आणि चुकलं की "काका, असं नसतं हो" असं अशा आवाजात म्हणतात की वर्गातल्या अठरा वर्षांच्या पोरीही माझ्याकडे कणवेने बघतात. तिथे शिकून मी पहिलं पोर्ट्रेट गौतमीचं केलं. त्याचा फोटो तिने आईला पाठवला. सासूबाईंचा लगेच फोन आला, "जावईबापूंची तब्येत बरी आहे ना गं?" गौतमी त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

हे पोर्ट्रेट मी गच्चीवर वाळत ठेवलं होतं, आणि तिथे ते आमच्या घरमालकांनी पाहिलं. आमचे घरमालक विठ्ठलराव. पूर्वी जिथे त्यांचं भाताचं खाचर होतं तिथे आता 'गोजरा हाइट्स' ही चार मजली इमारत आहे आणि तिच्यात आम्ही बत्तीस भाडेकरू आहोत. इमारतीला आईचं नाव दिलंय. आई, म्हणजे गोजराबाई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, अजून हिंडत्याफिरत्या आहेत. शेत गेलं तरी त्यांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत, पार्किंगमधल्या सात नंबरच्या जागेत बांधलेली चंद्री नावाची गाय आणि तिच्या शेजारचं तुळशीवृंदावन. तुळशीपुढचे चार हात सिमेंटचे ठोकळे त्या रोज सकाळी शेणाने सारवतात आणि वर रांगोळी काढतात. एकदा माझ्या स्कूटरचं चाक त्या ओल्या सारवणावरून गेलं. तेव्हा ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यांत मला उभं करून त्यांनी विचारलं होतं, "डोळं हायेत का बटनं?" तेव्हापासून मी स्कूटर बाहेर रस्त्यावर लावतो.

"सायेब, हे तुमी हातानं काढलंय?" विठ्ठलरावांनी विचारलं.

मी मान डोलावली. कलावंताने किती डोलवावी त्यापेक्षा थोडी जास्तच.

"मंग आमच्या आईचं काढा की. मागच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत हाय पुढच्या म्हैन्यात. हॉलमधी मोठ्ठं लावायचं. फकस्त येक करा, गोरी काढा. आमची आई लई सावळी हाय. फोटूत निसती मागची भिंतच दिसती."

"काढतो की," मी म्हणालो. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता.

"आन् न्हाई जमलं तर सांगा बरं का, लाजू नका. आमचा वेदांत मोबाइलवर दोन मिंटात करून देतोय. फ्लेक्स छापू."

हे वाक्य मला इंगळी डसावी तसं डसलं. चौदा रविवार मी पीएमपीच्या बसने लोंबकळत क्लासला गेलोय तो काय एका फ्लेक्सशी स्पर्धा करायला? मी वास्तुशांतीची तारीख लिहून घेतली आणि तिच्याभोवती लाल पेनने गोल केला.

पहिल्या बैठकीला गोजराबाई आमच्या घरी आल्या. नऊवारी, नाकात नथ नाही, कपाळावर बारीकसं हिरवं गोंदण, आणि रंग म्हणाल तर पाऊस पडून गेल्यावर नांगरटीची माती दिसते तसा. खुर्चीवर बसल्या, आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं, आणि मला म्हणाल्या, "मास्तर, इठ्ठल काय म्हनला तुला? गोरी काढ म्हनला ना?"

मला त्या मास्तर म्हणतात. चष्मा लावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर आहे.

मी हो म्हणालो.

"मंग ऐक. लगीन झालं तवा सासऱ्यानं पुण्याला नेऊन जोडीचा फोटू काढला. फोटूवाल्यानं बुरशानं माझं त्वांड पांढरं करून टाकलं. फोटू घरला आला. आमच्या मालकांनी बगितला आन् म्हनलं, ही कोन बाई? ही काय आमच्या घरातली न्हाई. पेटीत टाकला त्यो आजून पेटीतच हाय. मंग इठ्ठलच्या लग्नात तेच. आता ह्या पोरांचं मोबाइल. दाबलं बटन की झाली म्हातारी गोरी. अठ्ठ्याहत्तर वर्सं झाली मास्तर, येक फोटू माझ्यासारका न्हाई. उद्या मी गेल्यावर ही पोरं त्यातलीच कुटली तरी बाई भितीवर लावत्याल आन् तिलाच हार घालत्याल. तू मला माझ्यावानी काढ. बाकी काय बी नगं."

मी "हो आजी" म्हणालो. म्हणजे एकाच चेहऱ्याबद्दल एकाच घरातल्या दोन माणसांना मी दोन वेगवेगळे शब्द देऊन बसलो होतो. त्यातल्या एकाच्या हातात माझ्या घराचा भाडेकरार होता आणि दुसरीच्या हातात शेणाची बादली.

रविवारी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी एक तपकिरी रंग घेतला, त्याचा एक ठिपका पांढऱ्या कागदावर ठेवला आणि एक खाकी पुठ्ठ्यावर. रंग तोच, पण पांढऱ्यावरचा ठिपका डांबरासारखा दिसत होता आणि पुठ्ठ्यावरचा माणसाच्या कातडीसारखा.

"काका, पांढरा कॅनव्हास खोटं बोलतो," सर म्हणाले. "त्याच्यावर काहीही ठेवा, काळंच वाटणार. मग तुम्ही घाबरून फिकट करत जाणार, आणखी फिकट, आणखी फिकट, आणि शेवटी चित्रात माणूस नाही, भूत उरणार. आधी एखादा मधला रंग फासून घ्या. त्याला टोन्ड ग्राउंड म्हणतात. मग उजेड कुठे आणि सावली कुठे ते आपसूक दिसतं."

"पण मधला म्हणजे कोणता?"

"ते ज्याचं त्याने शोधायचं असतं काका."

फी भरताना मात्र ज्याची त्याने शोधायची नसते, ती छापील असते. घरी येऊन मी गौतमीला टोन्ड ग्राउंड समजावून सांगितला. ती म्हणाली, "मला टोन्ड दूध माहीत आहे, आणि ते संपलंय."

मी ठरवलं, रंग फासायची कटकटच नको, तयार टोन्ड कॅनव्हास मागवू. मोबाइलवर एक सापडला, फिकट मातकट रंगाचा. आठवड्याने आला. उघडला तर पांढराशुभ्र. परत करायला गेलो तर तक्रारीसाठी कारणं चार होती: तुटलेलं आहे, फाटलेलं आहे, माप चुकलं, आवडलं नाही. 'पांढरं आहे' असं कारणच नव्हतं. मी 'आवडलं नाही' दाबलं. त्यांनी वस्तूचा फोटो मागितला. मी काढून पाठवला. उत्तर आलं, 'फोटोत वस्तू दिसत नाही, कृपया पुन्हा काढा.' पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कॅनव्हास, दिसणार काय कपाळ! मग मी तो गौतमीच्या हिरव्या साडीवर ठेवून फोटो काढला, तेव्हा त्यांनी साडीबद्दल विचारणा केली. शेवटी फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, आपने कैनवास पेंटिंग के लिए ही लिया है ना?"

"हां."

"तो सर, कलर तो आप खुद करेंगे ना?"

मी फोन ठेवला आणि कॅनव्हास ठेवून घेतला.

हे सगळं बोलणं मी जिन्यात उभा राहून केलं, कारण घरात रेंज येत नाही. ही माझी मोठी चूक झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या साहिलने ते ऐकलं. हा पोरगा नांदेडचा, कंपनीत काय करतो ते त्यालाही नीट सांगता येत नाही, पण इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप तो चालवतो. त्याने तासाभरात मतदान लावलं: 'किशोर काकांचा कॅनव्हास, पांढरा की रंगीत?' मला न विचारता! संध्याकाळपर्यंत पांढऱ्याला चौदा मतं पडली, रंगीतला तीन, आणि बावीस जणांनी खाली लिहिलं होतं, 'पाण्याचा टँकर कधी येणार?' रंगीतला पडलेल्या तीन मतांतलं एक माझं होतं. दुसरं गौतमीचं असेल असं मला वाटत होतं, तर तिने पांढऱ्याला दिलेलं. "तुम्हाला रंग जमत नाहीत हो," ती म्हणाली, "पांढरा काय, आहेच."

लोकशाहीला मी मानतो, पण इतकंही नाही. दुसऱ्या दिवशी मी अंबर नावाचा तपकिरी रंग घेतला, त्यात भरपूर जवसाचं तेल घातलं आणि कॅनव्हासला फासला. तेल जरा जास्त झालं. जरा म्हणजे आठ दिवस झाले तरी कॅनव्हास बोटाला चिकटायचा. वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवला, आणि आमच्या गच्चीखालून दिवसाला दीडशे डंपर जातात हे विसरलो. हिंजवडीची सगळी धूळ त्या चिकट तेलावर येऊन बसली. हात फिरवला तर कॅनव्हास कुठला, पॉलिश पेपरच.

त्याच दिवशी विठ्ठलराव टाकी बघायला वर आले. मी ऑफिसात होतो. त्यांनी तो प्रकार पाहिला आणि माझ्या दहा वाजताच्या मीटिंगमध्ये फोन केला.

"सायेब, हे आईच्या फोटूला काळं कुनी फासलं?"

"काळं नाही विठ्ठलराव, तो ग्राउंड आहे. त्याच्यावर चेहरा येतो."

"काळ्यावर गोरं कसं येनार? काय बी सांगताय. ऱ्हाऊ द्या, तुमी टेन्शन घिऊ नका. नथू हितंच हाय."

नथू हा गोजरा हाइट्सचा रंगारी. माणूस देवासारखा आहे, आणि देवासारखाच कुणाचं ऐकत नाही. मी संध्याकाळी घरी पोचलो तोपर्यंत त्याने कॅनव्हास घासून, त्याच्यावर भिंतीला भरतात ती लांबी भरून, प्रायमरचे दोन हात मारून तो दवाखान्याच्या भिंतीसारखा करून ठेवला होता. कॅनव्हासचं वजन दीड किलोने वाढलं होतं.

"सर, आता पाऊस येऊ दे न्हाईतर वारं येऊ दे," नथू म्हणाला. "धा वर्सं वल येनार न्हाई. ग्यारंटी."

चित्राला ओल येणार नाही याची हमी कुठल्याही विद्यापीठात मिळत नसेल. मी त्याला नमस्कार केला आणि घरात येऊन उशीत तोंड खुपसून ओरडलो. गौतमीने बाहेरून विचारलं, "चहा टाकू का?"

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती मला अजिबात आवडत नाही. मी त्या पांढऱ्यावरच चित्र काढायला बसलो. तारीख जवळ आली होती, हे एक. विठ्ठलराव खूश होते, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे मी थकलो होतो. गोजराबाई चार संध्याकाळी येऊन मुकाट बसल्या. मी गालाचा रंग केला, कॅनव्हासवर ठेवला, तर तो डांबरासारखा. घाबरून थोडा पांढरा मिसळला. तरी काळाच. आणखी पांढरा. कपाळ केलं, नाक केलं, हनुवटी केली, आणि पांढऱ्या रंगाची आख्खी ट्यूब संपली. सर म्हणाले होते तसंच, अगदी पायरी न् पायरी तसंच झालं, आणि होत असताना मला कळत होतं, तरी हात थांबला नाही.

चौथ्या संध्याकाळी गोजराबाई उठल्या आणि इकडे येऊन चित्रासमोर उभ्या राहिल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. बटणं म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं.

"ही कोन बाई?" त्या हळूच म्हणाल्या.

गौतमीने चहाचा कप पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही, पदर सारखा केला आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्या गुडघ्यांना जिना उतरायला किती वेळ लागतो ते आमच्या दारातून ऐकू येतं. मी ऐकत उभा राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. फोटोवाल्याला त्यांनी निदान काही सांगितलं नव्हतं. मी तर सगळं ऐकून, हो म्हणून, वर चार संध्याकाळ बसवून तेच केलं होतं.

मी टर्पेंटाइन घेतलं आणि ती बाई पुसून काढली. खाली नथूचा प्रायमर जसाच्या तसा चकचकीत निघाला. मेल्याने काम मात्र पक्कं केलं होतं. कॅनव्हास गच्चीवर नेऊन ठेवला. वास्तुशांत रविवारी, आणि तो दिवस मंगळवार. विठ्ठलरावांना फ्लेक्स छापा म्हणून सांगायचं, एवढंच बाकी होतं. ते मी उद्यावर टाकलं.

बुधवारी संध्याकाळी घरी आलो तर जिन्यातच वास आला. पहिल्या मजल्यावर मला वाटलं चंद्री सुटली. तिसऱ्यावर वाटलं ती वर आली. गच्चीच्या दारात गौतमी नाकाला पदर लावून उभी होती आणि मला म्हणाली, "चिडू नका. आधी बघा, मग चिडा."

माझा कॅनव्हास शेणाने सारवला होता.

कुठल्याही अतिशयोक्तीशिवाय सांगतो, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, हाताचे सुबक अर्धगोल उमटवत. शेजारी कुरडया वाळत घातलेल्या आणि त्यांची राखण करत गोजराबाई बसलेल्या. हात अजून कोपरापर्यंत हिरवे.

"आजी, हे काय केलंत!" मी ओरडलो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबावरही कधी असा ओरडलो नाही. "अहो, हा कॅनव्हास आहे! तैलरंग लावायचा असतो त्याला! शेण नाही! एक जण धूळ लावतो, एक जण लांबी भरतो, आता तुम्ही शेण! उद्या या, चुनाही लावा मला!"

गोजराबाईंनी मला पूर्ण ओरडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता सांग. मी तुळशीम्होरं रोज काय काढते?"

"रांगोळी."

"आन् आदी काय करते?"

मी कॅनव्हासवरच्या अर्धगोलांकडे बघितलं.

"सारवते. का सारवते? ती शारदा, माझी सून, तिच्या नव्या बंगल्यात पांढरी फरशी घातलीया. काढ म्हनावं रांगोळी तिच्यावर. दिसंल का? पांढऱ्यावर पांढरं दिसत न्हाई आन् काळं नको इतकं दिसतं. भुई मातीवानी पाह्यजे, म्हंजी समदं आपापल्या जागी दिसतं. एवढं लहान पोरीला बी कळतं. तुमाला पुण्याला जाऊन बी कुनी सांगितलं न्हाई?"

सांगितलं होतं हो. छापील फी घेऊन सांगितलं होतं, हेच तर दुखत होतं.

"गाळून घेतलंय फडक्यातनं," त्या म्हणाल्या. "तांबडी माती बी चाळून घातलीया. नथ्याच्या त्या गुळगुळीतावर बसत नव्हतं, म्हनून आदी इटंनं घासलं. दोन हात दिलं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून जवळ गेलो. वाळलेलं सारवण हिरवट, पिवळसर, तपकिरी अशा मधल्याच रंगाचं झालं होतं. खरंच मधल्या. मी खाली जाऊन पॅलेट आणलं, त्यांच्या गालाकडे बघून एक रंग केला आणि एकच ठिपका ठेवला. तो डांबरासारखा दिसला नाही आणि भुतासारखाही नाही. गाल दिसला. मी शेजारी कपाळावरच्या उजेडाचा ठिपका ठेवला. तोही बसला. मी गौतमीकडे बघितलं. तिने नाकावरचा पदर काढला होता.

"पण आजी, हे टिकणार नाही," मी म्हणालो. "चार-पाच वर्षांत सुटून येईल."

"सारवन काय जलमाचं असतं व्हय? सुटलं की परत सारवायचं. तू बस, मी बसते."

बुधवार, गुरुवार, शुक्रवारच्या संध्याकाळी आणि शनिवारचा आख्खा दिवस मी रंगवत होतो. घरात उदबत्त्यांचे तीन पुडे संपले. माश्या इतक्या की एक गोजराबाईंच्या चित्रातल्या खांद्यावर कायमची चिकटली, ती मी शेवटी चोळीच्या नक्षीत मिळवून टाकली. साहिलने ग्रुपवर 'वास कुठून येतोय?' म्हणून मतदान लावलं. पण इतक्या रविवारांत पहिल्यांदा मला माझ्या हातांची भीती वाटत नव्हती. सावली करायचीच नव्हती, ती आधीच तिथे होती. मी फक्त उजेड ठेवत गेलो.

रविवारी वास्तुशांत. मांडवात मसालेभाताच्या पातेल्याची झाकणं वाजत होती, भटजी नवग्रहांना बोलावत होते. चित्र अजून ओलं होतं. विठ्ठलराव ते झाकायला नवी कोरी शाल घेऊन आले तेव्हा मी दोन्ही हात पसरून आडवा आलो. शेवटी खिडकीचा पडदा ओढून चित्र त्याच्यामागे ठेवलं. क्लासचे निषाद सरही जेवायला आले होते. मी बोलावलं होतं आणि आता पस्तावत होतो.

विठ्ठलरावांनी पडदा बाजूला केला आणि बघत उभे राहिले. माझ्या मनात भाडेकराराची अकरा कलमं ओळीने येऊन गेली.

"सायेब," ते म्हणाले, "गोरी न्हाई केली."

"नाही," मी म्हणालो. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

ते दोन पावलं पुढे आले. मग म्हणाले, "लानपनी मी लावनीला भाकरी घिऊन जायचो खाचरात. आई वाकल्याली असायची. हाक मारली की अशी मान वर करून बगायची. हीच बगायची." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसल्यासारखं केलं. "आमच्या कुटल्याच फोटूत ही आई न्हाई हो."

मागून एक पाहुणेबाई कुजबुजल्या, "जित्या मानसाचा फोटू असा भितीवर लावू नये म्हनत्यात."

"मेल्यावर मी बगायला येनार हाय का?" गोजराबाईंनी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. पाहुणेबाई जेवायच्या पंगतीकडे गेल्या.

निषाद सर चित्रासमोर वाकून वाकून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी "काका, असं नसतं हो" म्हटलं नाही. "काका," ते म्हणाले, "ग्राउंड फारच सुंदर आहे. कोणता टोन? अंबरमध्ये हिरवा घातलात का?"

"स्थानिक आहे," मी म्हणालो.

"नाव काय?"

"चंद्री."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. "कुठे मिळतो?"

"पार्किंगमध्ये," मी म्हणालो, आणि त्यांना आणखी एक बुंदीचा लाडू वाढायला सांगितला.

पाहुणे पांगले तेव्हा हॉलमध्ये मी भिंतीवर टांगलेल्या चित्राची खिळ्यावरची दोरी बघत होतो. समोरच्या भिंतीवर विठ्ठलरावांच्या वडिलांचा, कुशाबांचा, हार घातलेला फोटो होता. गोजराबाई आतून एक जुना पिवळा पडलेला फोटो घेऊन आल्या, पेटीतला. एक घाबरलेला तरुण आणि शेजारी पिठासारखा चेहरा असलेली एक अनोळखी मुलगी. त्यांनी तो टीपॉयवर पालथा घातला, नवऱ्याच्या फोटोसमोर गेल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि मागच्या भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे बोट केलं.

"बगा," त्या म्हणाल्या, "आता वळखता का?"

मी दोरीची गाठ उगाचच ओढून घट्ट करत राहिलो. चष्म्यातून नीट दिसत नव्हतं.

मग त्या चित्राजवळ आल्या, डोळे बारीक करून त्यांनी ते वरपासून खालपर्यंत तपासलं, आणि चित्राच्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. तिथे सारवण सुटून नथूचा प्रायमर चार बोटं उघडा पडला होता.

"मास्तर, हितं पांढरं दिसतंय. उद्या सकाळी चंद्रीचं ताजं घिऊन येते. घरी ऱ्हा."

मी मोबाइल काढला आणि साहेबांना कळवलं की माझी पाठ धरली आहे, उद्या येऊ शकणार नाही.